मुक्काम पोस्ट

पत्रलेखनाचा धडा आला की माझा पहिला तास पत्त्यातच जातो. मुले मायना घोकून येतात, ‘सा. न. वि. वि.’ बिनचूक लिहितात. पण पत्त्याशी येऊन अडतात. माझा विषय चित्रकला. परंतु आमच्या शाळेत मास्तर मोजके, तेव्हा सातवीचे मराठीही माझ्याच गळ्यात असते. एकदा एका मुलाने विचारले, “गुरुजी, बाबा मुंबईला असतात आणि घर तर इथे आहे. मग बाबांचे मु. पो. कुठले लिहायचे?” मी म्हटले, “जिथे पत्र त्यांच्या हाती पडेल तिथले लिही.” वर्ग पुढे गेला. कोकणातल्या मास्तराला या प्रश्नाचे काय एवढे? आमच्याकडे घरोघर हीच तऱ्हा. माणूस एकीकडे, घर दुसरीकडे, आणि मध्ये एस. टी.

पुढे हाच प्रश्न माझ्या पाठच्या भावाला सातासमुद्रापलीकडच्या एका सरकारने विचारला. त्याने एक उत्तर दिले, ते चालले नाही. दुसरे दिले, तेही चालले नाही. तेव्हा मला त्या मुलाची आठवण झाली. मी मॅट्रिक झालेला माणूस. कायद्याची भाषा माझी नव्हे. दोन-तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, पण त्यांत मी असला प्रसंग घातला असता तर संपादकांनी ‘हे पटत नाही’ म्हणून तो गाळायला लावला असता. तो खरोखरच घडला, म्हणून कादंबरीचा नाद सोडून हा लेख लिहायला बसलो आहे.

हकीगत थोडक्यात सांगतो. भाऊ २००६ साली शारजाला गेला. एका कंपनीच्या गोदामावर देखरेख करतो. पहिली काही वर्षे एका खोलीत सहा जण राहून त्याने काढली. तिथून आलेल्या पैशातून आमच्या वडिलांच्या पडक्या घराचे चिरेबंदी घर झाले, मागच्या वरकस जमिनीत आंब्याची कलमे लागली, मुलीचे इंजिनिअरिंग झाले. भावजय इथेच राहिली; माझ्या आईवडिलांचे म्हातारपण तिनेच काढले. पुतणी पुढच्या शिक्षणासाठी युरोपातल्या एका देशात गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच तिने लग्न केले. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिचे पहिले बाळंतपण यायचे होते. पहिल्या बाळंतपणाला आईबापांनी जावे, यात जगावेगळे काही नाही. घरून न्यायचे डिंकाचे लाडू भावजयीने मनातल्या मनात वळूनसुद्धा ठेवले होते.

२०२४ च्या डिसेंबरात भाऊ रजेवर आला आणि दोघे नवराबायको मुंबईला व्हिसाच्या अर्ज-केंद्रावर गेली. दोघांचे पासपोर्ट भारताचे. मुलगी तीच, निमंत्रणाचे पत्र तेच, जायची-यायची तारीख तीच. खिडकीपलीकडच्या मुलीने भावजयीचे कागद ठेवून घेतले आणि भावाचे परत केले. “काका, तुमचा रहिवास शारजाचा. तुमचा अर्ज इथे नाही, तिकडे करायचा.” भाऊ म्हणाला, “अहो, पासपोर्ट तर इथलाच आहे.” ती म्हणाली, “पासपोर्ट इथला असला तरी राहता तिकडे ना?” पोरगी बिचारी खोटे बोलत नव्हती. युरोपीय संघाची २००९ सालची व्हिसा-संहिता आहे. तिच्या सहाव्या कलमात हेच म्हटले आहे, की अर्जदार ज्या मुलखात कायदेशीरपणे राहतो तिथल्या वकिलातीकडेच त्याने अर्ज करावा. दुसरीकडे करायचा असेल तर तसे सबळ कारण दाखवावे. ‘बायकोबरोबर एकत्र जायचे आहे’ हे कारण त्या खिडकीला सबळ वाटले नाही.

भाऊ शारजाला परतला. तिथल्या यादीत आणखी एक अट होती. तिकडे राहण्याचा परवाना परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. आखातात परवाना नोकरीला बांधलेला असतो. भावाचा दर दोन वर्षांनी नवा होतो, आणि जुना संपायला महिना उरल्याखेरीज कंपनी नवा करून देत नाही. फेब्रुवारीअखेर नवे कार्ड हाती आले. मार्चमध्ये त्याने अर्ज केला. नव्वद युरो भरले, म्हणजे आपले नऊ-दहा हजार रुपये. अर्ज फेटाळला तरी ती रक्कम परत मिळत नाही. पगाराचे दाखले, बँकेचा हिशेब, कंपनीचे रजेचे पत्र, परतीचे तिकीट, विमा, मुलीचे पत्र, एवढेच नव्हे तर गावाकडचा सातबारासुद्धा इंग्रजीत करून जोडला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छापील कागद आला. त्यावर कारणांची यादी असते आणि लागू असेल त्या कारणासमोर फुली. त्याच्या कागदावरची फुली ज्या ओळीसमोर होती तिचा अर्थ असा, की हा गृहस्थ व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी आमच्या देशातून निघून जाईल याविषयी वाजवी शंका आहे.

तिकडे भावजयीला तीन आठवड्यांत व्हिसा मिळाला होता. आता गंमत पाहा. तिने उत्पन्नाचा पुरावा म्हणून काय जोडले होते? नवऱ्याच्या शारजातल्या पगाराचे दाखले! आणि गावाशी बांधलेली आहे याचा पुरावा म्हणून? नवऱ्याच्या नावचा सातबारा! म्हणजे त्याच्या पगारावर आणि त्याच्या जमिनीवर तिची परतण्याची खात्री पटली. आणि ज्याचा तो पगार, ज्याची ती जमीन, त्याच्याविषयी मात्र शंका उरली. विमानात बसण्याचा जिला कधी प्रसंग आला नव्हता ती एकटी गेली. ज्याने एकोणीस वर्षे विमानाच्या खेपा घातल्या तो गोदामातच राहिला.

भाऊ फोनवर रडला नाही, चिडलाही नाही. एवढेच म्हणाला, “दादा, एकोणीस वर्षांत मी कुठेही मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिलो नाही. हे कुणी विचारलेच नाही रे.” माझा हा सगळा लेख त्या एका वाक्याचा विस्तार आहे असे समजावे.

आता माझे म्हणणे नीट मांडतो. कोणत्याही देशाला आपल्या दारात कोण येतो हे विचारण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. पाहुणा म्हणून येऊन मुक्काम ठोकणारे लोक असतात, हेही खोटे नाही. दारे सताड उघडी टाका, असे मी म्हणत नाही. माझी तक्रार विचारण्याबद्दल नसून एकाच माणसाला दोन मापांनी मोजण्याबद्दल आहे. अर्ज कुठे करायचा, हे ठरवताना पासपोर्ट विचारात घेत नाहीत. तिथे रहिवास बघतात. “तू भारतीय असशील, पण राहतोस शारजात, तर शारजाला जा.” ठीक. पण अर्ज कुणी करायचा आणि विश्वास कुणावर ठेवायचा, हे ठरवताना त्याच रहिवासाला किंमत उरत नाही. तिथे पासपोर्ट बघतात. संयुक्त अरब अमिरातींच्या नागरिकांना २०१५ सालच्या करारापासून युरोपातल्या या शेंगेन देशांत थोड्या मुदतीसाठी व्हिसाच लागत नाही. ज्या मालकाच्या गोदामाच्या किल्ल्या माझ्या भावाच्या कमरेला आहेत तो मालक सकाळी मनात आणील तर संध्याकाळी युरोपात उतरेल. किल्ल्या सांभाळणाऱ्याने मात्र परतण्याची शाश्वती द्यायची. तो म्हणाला, “मी शारजाला परतेन,” तर म्हणतात तुझा परवाना दोन वर्षांचा, तुझे तिथे काय आहे? तो म्हणाला, “माझे घरदार रत्नागिरी जिल्ह्यात आहे,” तर म्हणतात तू तिथे राहतोस कुठे? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण आपल्या पूर्वजांनी व्हिसा न पाहताच रचली, हे त्यांचे द्रष्टेपण!

वस्तुतः अशा माणसाइतका परतण्याला बांधलेला दुसरा कोण? अमिरातीत परवानाधारक सहा महिन्यांहून अधिक सलग बाहेर राहिला तर सर्वसाधारणपणे त्याचा परवाना रद्द होतो. परवाना गेला की नोकरी गेली. तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांना दरसाल एकवीस दिवसांचे आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला तीस दिवसांचे मूळ वेतन, अशी नोकरीअखेरची रक्कम साठत असते. एकोणीस वर्षांची ही कमाई आणि चालती नोकरी मागे टाकून, ज्या देशाची भाषा येत नाही तिथे लपूनछपून भांडी घासायला राहील असा माणूस मला कादंबरीतसुद्धा उभा करता येणार नाही. ज्याचे दोन ठिकाणी काही आहे त्याला दोन ठिकाणी परतायचे असते. पण कागद तपासणारा यातून उलटेच अनुमान काढतो. दोन ठिकाणी पाय, म्हणजे कुठेच पाय नाही! या हिशेबाला गणिताच्या मास्तरांनी काय म्हटले असते ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या कोकणात चाकरमानी नावाची जात शंभर-सव्वाशे वर्षे नांदते आहे. माणूस चाळीस वर्षे परळ-लालबागला राहतो, रेशन कार्ड तिथले, मतदान तिथले; पण गाव विचारले की संगमेश्वर सांगतो, गुहागर सांगतो. गणपतीला सगळी मुंबई गावात रिकामी होते आणि गौरी गेल्या की परत भरते. उद्या एस. टी.चा कंडक्टर तिकीट फाडण्याआधी म्हणू लागला, “पुन्हा मुंबईला जाल कशावरून? तिथे तुमची खोली तर भाड्याची आहे!” तर त्या कंडक्टरचे काय होईल हे सांगायला नको. आणि परत येताना मुंबईच्या डेपोत दुसरा म्हणाला, “घर गावाला, मग इथे कशाला आलात?” तर? आपण हसतो, पण परदेशी खिडकीवर हाच कंडक्टर कोट घालून बसला की आपण त्याला ‘साहेब’ म्हणतो आणि फायलीत आणखी दोन झेरॉक्स घालतो.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा आहे म्हणावे, तर तसेही नाही. आखाती देशांत मिळून नव्वद लाखांच्या आसपास भारतीय राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने २०२४ साली जगात तीस कोटींहून अधिक माणसे जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशाबाहेर राहत होती. ही एवढी माणसे कुठल्या रकान्यात आहेत? शेंगेन देशांनी २०२४ चे आकडे प्रसिद्ध केले तेव्हा वर्तमानपत्रांत मथळे आले, की भारतातून अकरा लाखांवर अर्ज गेले आणि त्यांतले दीड लाखांहून अधिक फेटाळले. लोकांनी हळहळ व्यक्त केली. पण तो आकडा भारतातून केलेल्या अर्जांचा आहे, सगळ्या भारतीयांचा नव्हे. त्या कोष्टकात अर्ज मोजतात ते जिथे दिले गेले त्या देशाच्या नावाने. माझ्या भावाला मिळालेला नकार भारताच्या रकान्यात कधीच येणार नाही. तो अमिरातीच्या रकान्यात गेला. व्हिसा लागतो तो भारतीय म्हणून, आणि मोजणी होते ती अमिरातीचा रहिवासी म्हणून! दिल्लीतल्या कुणी मनात आणले तरी या माणसाची तक्रार त्याला कोष्टकात सापडायची नाही. ज्याची मोजदादच नाही त्याचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

ही चाल नवी आहे असे मात्र कुणी समजू नये. १९०८ साली कॅनडाच्या सरकारने एक हुकूम काढला. जो कुणी जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून थेट, मध्ये कुठे न थांबता, एकाच तिकिटावर येईल त्यालाच आत घ्यायचे. हुकुमात भारताचे नाव नव्हते. पण भारतातून कॅनडाला असा अखंड प्रवास घडवणारे जहाजच तेव्हा नव्हते! नाव न घेता दार लावण्याची ही युक्ती. १९१४ च्या एप्रिलमध्ये ‘कोमागाता मारू’ हे जहाज हाँगकाँगहून निघाले. वाटेत शांघाय आणि जपानची बंदरे घेत ३७६ उतारू व्हँकुव्हरला पोहोचले. त्यांतले बहुतेक पंजाबी होते, आणि पुष्कळ जण आधीपासूनच पूर्वेकडच्या बंदरांत राहून पोट भरत होते. ते ब्रिटिश प्रजाजन होते, आणि कॅनडाही त्याच साम्राज्यातला मुलूख. २३ मेला जहाज लागले, आणि दोन महिने ते समुद्रातच उभे करून ठेवले. २४ जणांना उतरू दिले. बाकीच्यांना २३ जुलैला हुसकून लावले. २९ सप्टेंबरला ते कलकत्त्याजवळ बजबज इथे पोहोचले तेव्हा आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि वीसएक माणसे मेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी याबद्दल २०१६ साली, १८ मे रोजी, संसदेत उभे राहून क्षमा मागितली. गुन्हा घडल्यावर एकशे दोन वर्षांनी.

ते लोक वस्ती करायला चालले होते, माझा भाऊ दीड महिन्यासाठी नात बघायला चालला होता. हा फरक मी विसरलेलो नाही. मुंबईच्या अर्ज-केंद्रावर कुणी गोळ्या झाडत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण नियमाची ठेवण पाहा. तेव्हा म्हणत, “तू जिथे राहतोस तिथून येऊ नकोस, जन्मलास तिथून ये.” आता म्हणतात, “तू जिथला आहेस तिथून अर्ज करू नकोस, राहतोस तिथून कर.” दिशा उलटी झाली आहे, पण चोट खातो तो तोच, जो पोटासाठी घराबाहेर पडला तो. घरी बसलेल्याला दोन्ही नियमांचा उपद्रव नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, टीका सोपी असते, उपाय सांगा. उपाय मी कशाला सांगू? तो युरोपनेच सहा दशकांपूर्वी सांगून ठेवला आहे. महायुद्धानंतर त्या खंडात लाखो निर्वासित होते. त्यांना मायदेश उरला नव्हता. ज्याला ‘परत जा’ म्हणावे असा देशच नव्हता. मग त्यांच्याविषयी तर केवढी शंका घ्यायला हवी होती! पण १९५९ सालच्या २० एप्रिलला स्ट्रासबुर्ग इथे कौन्सिल ऑफ युरोपच्या देशांनी एक करार केला. करारातल्या एका देशात कायदेशीरपणे राहणारा, त्या देशाने दिलेले प्रवासपत्र बाळगणारा निर्वासित दुसऱ्या देशात तीन महिन्यांपर्यंत व्हिसाशिवाय पाहुणा म्हणून जाऊ शकेल. आणि तो परत येईल याची हमी? ती त्या गरीब निर्वासिताकडे मागितली नाही. ज्या देशाने प्रवासपत्र दिले त्यानेच लिहून दिले, की आम्ही त्याला केव्हाही परत घेऊ. किती साधी गोष्ट! माणसाच्या मनात काय आहे ते चाचपत बसण्याऐवजी दोन सरकारांनी आपसांत शब्द दिला. घराचा मालक जामीन राहिला की भाडेकरूच्या ट्रंका कुणी उचकत नाही.

हीच समजूत आजही युरोपच्या अंगात आहे. शेंगेनच्या २९ देशांपैकी एकाचा रहिवासी परवाना असलेला भारतीय बाकीच्या देशांत सहा महिन्यांच्या काळात नव्वद दिवस वेगळा व्हिसा न घेता हिंडू शकतो. म्हणजे माझी पुतणी, जिचा पासपोर्ट तिच्या बापासारखाच निळा आहे, शेजारच्या देशात सहज जाऊन येते. तिथे रहिवास मोजला जातो. मेक्सिको हा देश अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन इथल्या कायम रहिवाशांना, मग त्यांचे नागरिकत्व कुठलेही असो, व्हिसावाचून पाहुणा म्हणून घेतो. जॉर्जियाने आखातातल्या परवान्यावर दार उघडले आहे. सौदी अरेबियाने २०२३ साली जाहीर केले, की शेजारच्या आखाती देशांत राहणाऱ्या कोणाही परदेशी माणसाला, त्याचा धंदा कोणता हे न बघता, पर्यटनाचा व्हिसा मिळेल. ‘धंदा न बघता’ हे शब्द लक्षात घ्या. पूर्वी तो बघत होते, म्हणून तर हे शब्द घालावे लागले. डॉक्टर असला तर पाहुणा, गवंडी असला तर संशयित! एवढे सगळे देश करू शकतात ते अशक्य होते असे म्हणता येणार नाही. इच्छा नव्हती, एवढेच म्हणता येईल.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवताना आपल्याकडेही बघायला हवे. परदेशात राहणारा तिसऱ्याच देशाचा नागरिक आपल्या वकिलातीत अर्ज घेऊन गेला की त्याच्या मूळ देशातल्या आपल्या वकिलातीकडे पुष्कळदा विचारणा जाते, आणि त्या माणसाचे दिवस विचारणेत जातात. तेव्हा या पापात आपलाही वाटा आहे. पण याच बाबतीत आपण एक शहाणपणही केले आहे, आणि त्याचा दाखला गोव्यात मिळतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचा कायदा जन्माची नोंद लिस्बनला करून तिथले नागरिकत्व घेऊ देतो. युरोपात काम मिळावे म्हणून अनेकांनी ते घेतले. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे त्याच क्षणी त्यांचे भारतीयत्व संपले. माणूस त्याच घरात, त्याच व्हरांड्यात, त्याच आरामखुर्चीत. पण काल स्वदेशी होता तो आज परदेशी. अशा माणसांसाठी आपल्या सरकारने ओ. सी. आय.चे कार्ड काढले. ते एकदा मिळाले की जन्मभर व्हिसा नको. त्याच्याही कटकटी आहेत, मला ठाऊक आहे. पण त्या कार्डाचे तत्त्व काय? माणसाचे मूळ पासपोर्टाच्या रंगाने ठरत नाही, हे एका सरकारने लेखी मान्य केले. मूळ मान्य करता येते, तर मुक्काम का नाही?

तेव्हा माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, अर्जाची जागा जर रहिवासाने ठरवणार असाल, तर विश्वासही रहिवासाने ठरवा. एकोणीस वर्षे एका देशात कायदेशीर राहून ज्याने कधी मुदत मोडली नाही, त्याची ती एकोणीस वर्षे हाच परतण्याचा पुरावा माना; त्याच्या खिशातल्या कार्डावर किती महिने उरलेत यावर त्याची नियत मोजू नका. दुसरी, नकार द्यायचा तर फुली मारून नको, कारण लिहून द्या. अपील करण्याचा हक्क त्याच संहितेत आहे, हे खरे; पण कशाविरुद्ध अपील करायचे? ‘शंका आहे’ याला उत्तर काय? कशाची शंका, कुठल्या कागदावरून शंका, हे कळल्याखेरीज अपील म्हणजे अंधारात दगड मारणे. आणि तिसरी मागणी आपल्याच सरकारकडे. २०२४ साली परदेशातल्या भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. एवढा पैसा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाला घरच्या माणसांकडून येत नाही. त्या पैशाचे आकडे भाषणांत अभिमानाने सांगतात. २०१६ साली भारत आणि युरोपीय संघ यांनी स्थलांतर आणि ये-जा यांविषयीचा एक समान कार्यक्रमही मान्य केला. मग त्या टेबलावर आखातातल्या गोदामरक्षकाचा, नर्सबाईचा, गवंड्याचा प्रश्न मांडायला कोणाची हरकत आहे? १९५९ च्या करारासारखा शब्द भारत, आखाती देश आणि युरोप यांनी एकमेकांना द्यावा. ‘हा माणूस आमचा, मुदतीनंतर आम्ही त्याला परत घेऊ’ एवढे एक वाक्य सरकारने लिहून दिले, तर बापाला आपल्या लेकीच्या दारात उभे राहण्यासाठी सातबारा दाखवावा लागणार नाही.

यावर एक शेवटचा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो माझ्या एका सहशिक्षकाने घेतला. ते म्हणाले, “अहो, नात व्हिडिओवर दिसते ना? पूर्वी तर पत्रावर भागवत होते. एवढे काय त्यात?” खरे आहे. भावाने नात पाहिली, ती फोनच्या काचेवर. ती रडली की काच त्याच्या हातात, आणि पोर दुसऱ्याच्या. पूर्वी माणसे पत्रावर भागवत होती ती जहाज नव्हते म्हणून, पैसा नव्हता म्हणून. इथे विमान आहे, तिकिटाचा पैसा आहे, रजा मंजूर आहे. नाही ती फक्त एका अनोळखी अधिकाऱ्याच्या मनातली खात्री. नशिबाने अडवलेल्या माणसाला सोसता येते. कागदाने अडवलेला माणूस मात्र रात्री उठून पुन्हा पुन्हा आपलेच कागद तपासतो, की माझेच काही चुकले का.

भाऊ आता पुन्हा अर्ज करणार आहे. परवा त्याने विचारले, “दादा, या वेळी नवीन काय जोडू?” मी त्याच्या फायलीची यादी समोर घेऊन बसलो. पगार आहे, रजा आहे, विमा आहे, तिकीट आहे, घर आहे, जमीन आहे, परवाना आहे, एकोणीस वर्षांचे शिक्के आहेत. मला काही सुचले नाही. ज्यांना शंका आली, काय जोडावे ते त्यांनीच सांगावे.